ओरॅकल इन्स्टंट क्लायंट: लिनक्ससाठी पॅकेज बांधताना

या पाठासाठी लिनक्सच्या टर्मिनलची ओळख आणि शेअर्ड लायब्ररी म्हणजे काय याची साधारण कल्पना असली की पुरे. फाइलींची आणि व्हेरिएबलची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करायची.

समजा, तुमच्या विभागातील एका लिनक्स सर्व्हरवर पीएचपीत लिहिलेला निकालाचा प्रोग्रॅम चालवायचा आहे. गुणांचा डेटा मात्र विद्यापीठाच्या दुसऱ्या इमारतीत, ओरॅकल डेटाबेसमध्ये आहे. तुमच्या मशीनवर डेटाबेस नको आहे. हवी आहे ती फक्त त्याच्याशी बोलण्याची सोय, म्हणजे क्लायंट. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी असते तर प्रश्नच नव्हता. त्यांचा सोर्स खुला असल्यामुळे डेबियन किंवा फेडोरा यांनी क्लायंट लायब्ररी आधीच कंपाइल करून आपल्या भांडारात ठेवलेली असते आणि ती एका आज्ञेत येते. ओरॅकलचा सोर्स बंद आहे. कंपनी तयार बायनरी देते आणि आपण ती आहे तशी वापरायची असते.

म्हणून येथे पॅकेज बांधणाऱ्याच्या हातात कंपायलर नसतो. काय ठेवायचे, कुठे ठेवायचे आणि ते कशावर अवलंबून आहे हे सिस्टिमला कसे सांगायचे, एवढेच त्याला ठरवता येते. काम किरकोळ वाटते. पण यात केलेली प्रत्येक काटछाट पुढे कोणाच्या तरी पडद्यावर एरर होऊन उगवू शकते, आणि तेव्हा पॅकेज बांधणारा तिथे नसतो.

आधीचा क्लायंट आणि त्यातली काटछाट

ओरॅकलचा पूर्ण क्लायंट स्वतःच्या इन्स्टॉलरने बसतो. हा इन्स्टॉलर आरपीएम किंवा डीपीकेजीला काही विचारत नाही, त्यामुळे सिस्टिमच्या दृष्टीने त्या शेकडो फाइली कोणाच्याच नसतात. त्या सगळ्या ज्या डिरेक्टरीत बसतात तिला ‘ओरॅकल होम’ म्हणतात आणि तिचा पत्ता त्याच नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यावा लागतो. हा पत्ता इतका महत्त्वाचा का, हे समजले की पुढचे सगळे सोपे जाते. क्लायंट लायब्ररी सुरू होताना केवळ कोडवर भागत नाही. तिला एरर संदेशांच्या फाइली, कॅरॅक्टर सेटचे तक्ते आणि टाइम झोनची माहिती लागते. पूर्ण क्लायंटमध्ये हा सगळा डेटा ओरॅकल होमखालच्या वेगवेगळ्या डिरेक्टऱ्यांत विखुरलेला असतो.

१०जी आवृत्तीबरोबर आलेल्या इन्स्टंट क्लायंटने हा विखुरलेला डेटाच एका शेअर्ड लायब्ररीत भरून टाकला. तिचे नाव ‘लिबओसीआयईआय’. मुख्य लायब्ररी ‘लिबक्लंटएसएच’ सुरू होताना हिला शोधते. सापडली की तिला ओरॅकल होमची गरज उरत नाही. १९ क्रमांकाच्या आवृत्तीत ही डेटाची लायब्ररी एकटीच १०० एमबीहून मोठी आहे. मग एखादा हौशी विद्यार्थी डॉकर इमेज लहान करायला बसतो. त्याला दिसते की ‘एलडीडी’ ही आज्ञा मुख्य लायब्ररीवर चालवली तर अवलंबनांच्या यादीत लिबओसीआयईआय येतच नाही. तो ती खुशाल उडवतो. कारण उघड आहे: एलडीडी फक्त लिंक करतानाच नोंदलेली अवलंबने दाखवते, आणि ही लायब्ररी तर चालू प्रोग्रॅममधून नंतर उघडली जाते. परिणाम म्हणून जो संदेश येतो तो एकदा पाहावाच असा आहे. ‘ओआरए-०१८०४ या एररचा मजकूर मिळवताना एरर आली’, असा त्याचा अर्थ. बरोबरच आहे, एररचा मजकूर त्या उडवलेल्या फाइलीतच होता.

दुसऱ्या एखाद्या ओरॅकल उत्पादनासाठी ओरॅकल होम हे व्हेरिएबल आधीच दिलेले असेल तरीही असाच गोंधळ होऊ शकतो. इन्स्टंट क्लायंट वापरताना ते रिकामेच ठेवायचे.

बेसिक की बेसिक लाइट?

कंपनी स्वतःच एक आणखी छाटलेली आवृत्ती देते, तिचे नाव बेसिक लाइट. यात डेटाची मोठी लायब्ररी जाऊन तिच्या जागी एक छोटी येते. एरर संदेश फक्त इंग्रजीत, आणि कॅरॅक्टर सेट मोजकेच: यूएस७अस्की, पश्चिम युरोपीय भाषांचे तीन, आणि युनिकोडचे यूटीएफ८, एएल३२यूटीएफ८ व एएल१६यूटीएफ१६. हे वाचून भारतीय भाषांत काम करणाऱ्याला वाटते की आपल्याला लाइट चालणार नाही. तसे नाही. डेटाबेस एएल३२यूटीएफ८ मध्ये असेल, आणि आजचे बहुतेक नवे डेटाबेस त्यातच असतात, तर मराठी, तमिळ, बांगला, सगळे लाइटमधून व्यवस्थित जाते.

अडचण जुन्या डेटाबेसची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी भारतीय लिप्यांसाठी इस्की हे भारतीय मानक होते. त्याची १९९१ ची आवृत्ती आयएस १३१९४ या क्रमांकाने ओळखली जाते. ओरॅकलमध्ये त्यासाठी ‘आयएन८इस्की’ नावाचा कॅरॅक्टर सेट आहे. तो लाइटच्या यादीत नाही. अशा डेटाबेसला लाइट क्लायंट जोडायला गेलात तर ओआरए-१२७३७ येते: सर्व्हरचा कॅरॅक्टर सेट या क्लायंटला माहीत नाही. पश्चिम युरोपच्या बाहेरच्या इतर जुन्या आठ बिटी सेटांचेही असेच होते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. समोरचा डेटाबेस कोणता हे पॅकेज बांधताना ठाऊक असेल तर लाइट घ्या. पॅकेज अनोळखी लोकांसाठी असेल तर शंभर एमबी वाचवण्याच्या मोहात पडू नका.

निदान ही एरर तोंडावर सांगून येते. याहून वाईट चूक न बोलता होते, आणि ती बेसिक व लाइट दोन्हीत होते. क्लायंटचा कॅरॅक्टर सेट ‘एनएलएस_लँग’ या व्हेरिएबलवरून ठरतो. युनिक्सवर ते दिलेच नसेल तर क्लायंट यूएस७अस्की धरून चालतो. आता एसक्यूएल प्लसमधून ‘सुमन’ हे नाव वाचले तर पडद्यावर चार प्रश्नचिन्हे दिसतात: स, उकार, म आणि न. डेटाबेसमधले नाव शाबूत असते, फक्त दिसत नाही. पण तेच नाव तुम्ही टाइप करून साठवले, तर देवनागरीचे बाइट अस्कीत बसत नसल्यामुळे त्यांच्या जागी बदली चिन्हे साठवली जातात. कोणतीही एरर येत नाही, ‘एक ओळ साठवली’ असा संदेशही येतो. नंतर व्हेरिएबल दुरुस्त केले तरी ते नाव परत येत नाही. वाचण्यातली चूक सुधारता येते, लिहिण्यातली नाही. एसक्यूएल प्लस पॅकेजमध्ये देणार असाल तर एनएलएस_लँगची किंमत ‘अमेरिकन_अमेरिका.एएल३२यूटीएफ८’ अशी देणारी छोटी स्क्रिप्ट त्याच्याभोवती गुंडाळून द्या. पायथनचा आजचा ड्रायव्हर स्वतःच युनिकोड वापरतो, त्याला याची गरज नाही.

फाइली कुठे ठेवायच्या

कंपनीची झिप फाइल कुठेही उलगडता येते. तिचेच आरपीएम मात्र सगळे ‘/यूएसआर/लिब/ओरॅकल/’ खाली आवृत्तीच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीत ठेवते. ही पद्धत चांगली आहे, कारण दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. झिपवरून स्वतः पॅकेज बांधत असाल तर एक जुनी खोच लक्षात ठेवा: १८.३ पूर्वीच्या झिपमध्ये आवृत्तीक्रमांक नसलेल्या नावाची सिम्बॉलिक लिंक नसे, ती हाताने करावी लागे. नाहीतर कंपाइल करताना लिंकरला लायब्ररी सापडत नाही.

ठेवलेली लायब्ररी लोडरला सापडली पाहिजे. इंटरनेटवरील बहुतेक उत्तरे ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे व्हेरिएबल बॅशच्या फाइलीत लिहायला सांगतात. प्रयोगशाळेत ते चालते आणि तिथेच फसगत होते. टर्मिनलमधून पीएचपी चालते, ब्राउझरमधून मात्र तेच पान लायब्ररी सापडत नाही म्हणते. सिस्टिमडीने सुरू केलेली सेवा तुमची बॅशची फाइल वाचत नाही, क्रॉनही वाचत नाही, आणि सुडो सहसा हे व्हेरिएबल पुढे जाऊ देत नाही. पॅकेजने हे काम वापरणाऱ्यावर टाकू नये. ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या डिरेक्टरीत लायब्ररीचा पत्ता असलेली एका ओळीची फाइल ठेवायची आणि पॅकेज बसल्यावर ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचे. १९ पासून कंपनीचे आरपीएम हेच करते. पॅकेज काढतानाही एलडीकॉन्फिग पुन्हा चालले पाहिजे, हे बरेच जण विसरतात.

डेटाबेसचे पत्ते असलेली ‘टीएनएसनेम्स’ ही फाइल मूळ मांडणीत लायब्ररीच्याच डिरेक्टरीखाली शोधली जाते. मला ही मांडणी पटत नाही. आवृत्ती बदलली की डिरेक्टरीचे नाव बदलते आणि प्रशासकाने हाताने भरलेले पत्ते जुन्या डिरेक्टरीत पडून राहतात. ती फाइल ‘/ईटीसी’ खाली ठेवा, ‘टीएनएस_अ‍ॅडमिन’ हे व्हेरिएबल तिकडे वळवा, आणि पॅकेजमध्ये तिची नोंद कॉन्फिगरेशन फाइल म्हणून करा, म्हणजे अपग्रेडमध्ये ती पुसली जाणार नाही. एकच डेटाबेस असेल तर यजमानाचे नाव, पोर्ट १५२१ आणि सेवेचे नाव एवढे लिहूनही जोडणी होते. मग फाइलच नको.

आणखी एक सूचना. आरपीएम आणि डेबियन या दोघांचीही पॅकेज बांधण्याची साधने बायनरीतली चिन्हांची माहिती आपोआप छाटतात. दुसऱ्याने बांधलेल्या बायनरीवर ते होऊ देऊ नका. तो टप्पा बंद करा.

न सांगितलेले अवलंबन

झिप फाइल आपल्या गरजा सांगत नाही. सर्वांत प्रसिद्ध गरज म्हणजे ‘लिबएआयओ’, लिनक्सवरच्या असिंक्रोनस वाचन-लेखनाची छोटी लायब्ररी. ती नसली की क्लायंट सुरूच होत नाही. डेबियनवर पुष्कळजण कंपनीचे आरपीएम ‘एलियन’ या साधनाने डेबमध्ये बदलतात. पण एलियन अवलंबने बदलून आणत नाही, त्यामुळे पॅकेज आनंदाने बसते आणि प्रोग्रॅम चालत नाही.

२०२४ मध्ये यात एक वेगळीच भर पडली. ३२ बिटी मशीनवरचा काळ २०३८ मध्ये संपतो, म्हणून डेबियन आणि उबुंटू यांनी वेळ ६४ बिटांत मोजण्याचा मोठा बदल केला. त्या ओघात उबुंटू २४.०४ मध्ये लिबएआयओच्या पॅकेजच्या आणि खुद्द फाइलीच्या नावाला ‘टी६४’ हे शेपूट लागले. ओरॅकलची बायनरी जुनेच नाव मागते. सोर्स हाती असता तर पुन्हा कंपाइल करून विषय संपला असता. इथे जुन्या नावाची सिम्बॉलिक लिंक करावी लागते. ६४ बिटी मशीनवर वेळ आधीपासूनच ६४ बिटी असल्यामुळे ही लिंक सुरक्षित आहे. ३२ बिटीवर तसे धरून चालू नका. ही लिंक सिस्टिमच्या डिरेक्टरीत न करता तुमच्या पॅकेजच्याच डिरेक्टरीत ठेवा. उद्या डिस्ट्रिब्युशनने काही बदलले तर भांडण नको.

अल्पाइनवर मात्र लिंक करून भागत नाही. तिथे जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी आहे आणि ओरॅकलची बायनरी जीलिबसीसाठी बांधलेली आहे. फ्रीबीएसडीवर लिनक्सची बायनरी चालवणारा थर आहे, पण फ्रीबीएसडीचा स्वतःचा प्रोग्रॅम लिनक्सची लायब्ररी आपल्यात ओढून घेऊ शकत नाही. ‘युनिक्ससारखी’ म्हणजे बायनरीच्या पातळीवर एकसारखी नव्हे.

परवाना

ही बायनरी गेल्या काही वर्षांपासून लॉगइन न करता उतरवता येते. उतरवता येते म्हणजे वाटता येते असे नाही. तुमच्या आवृत्तीचा परवाना स्वतः वाचा. जेंटूमध्ये पूर्वी या पॅकेजवर ‘फाइल स्वतः आणून ठेवा’ असे बंधन असे: पाककृती भांडारात, सामान तुमचे. आर्चच्या वापरकर्त्यांच्या भांडारातही फक्त कृती आणि फाइलीचा चेकसम असतो. तुम्हीही तसेच करा. प्रकल्पाच्या गिटमध्ये झिप घालू नका. एकदा इतिहासात गेली की ती काढणे फार त्रासाचे असते.

आणि हे सगळे करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: क्लायंट खरेच लागतो का? जावाचा थिन ड्रायव्हर लायब्ररीशिवाय थेट डेटाबेसशी बोलतो. पायथनच्या ड्रायव्हरनेही २०२२ मध्ये नाव बदलताना हीच पद्धत मूळ पद्धत म्हणून स्वीकारली. तिला १२.१ किंवा त्यापुढचा डेटाबेस लागतो. ११.२ असेल, किंवा वरच्या उदाहरणासारखी पीएचपी असेल, तर इन्स्टंट क्लायंटला पर्याय नाही. त्यातही आवृत्ती जपून निवडा: १९ चा क्लायंट ११.२ शी बोलतो, २१ चा बोलत नाही.

प्रात्यक्षिक

कंटेनरमध्ये बेसिक आवृत्तीची झिप उलगडा. पायथनचा ड्रायव्हर थिक पद्धतीने सुरू करून जोडणी करून पाहा. नंतर लिबओसीआयईआय दुसरीकडे हलवा आणि पुन्हा जोडा. आलेला संदेश शब्दशः वहीत लिहा. ती परत ठेवा, लिबएआयओ काढा, पुन्हा तेच करा. शेवटी एसक्यूएल प्लसचे पॅकेज त्याच डिरेक्टरीत उलगडा, एनएलएस_लँग रिकामे ठेवून त्यातून एका तात्पुरत्या टेबलात आपले नाव आपल्या लिपीत साठवा, व्हेरिएबल बरोबर देऊन ते वाचा, आणि डंप या फंक्शनने त्याचे बाइट पाहा. तात्पुरत्या टेबलातच, विभागाच्या नव्हे.