तार बदलली, इंजिनांचं काय?

विजेवरची रेल्वे : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला निघालेल्या पहिल्या विजेच्या गाडीपासून १९५७ सालापर्यंत आलो होतो. मुंबईच्या तारांमध्ये १५०० व्होल्ट डीसी खेळत होता आणि १९५७ मध्ये रेल्वेनं यापुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसीच घ्यायचा असं ठरवलं. नकाशावर हा फक्त रंग बदलण्याचा मामला. पण तारेखाली इंजिनं असतात, तीस-पस्तीस वर्षं चालावीत म्हणून घेतलेली. एका जातीच्या तारेवरचं इंजिन दुसऱ्या जातीच्या तारेखाली नेलं की ते शंभर टनांचं लोखंड होतं. विद्युतीकरणाच्या बातमीत किलोमीटर असतात, कोटी असतात. पदरी असलेल्या गाड्यांना काम कुठं द्यायचं, हे त्या बातमीत शोधून सापडत नाही. माझ्या मते खरी योजना तीच असते.

आधी डीसी का नकोसा झाला ते थोडक्यात. पाच हजार अश्वशक्तीच्या इंजिनाला १५०० व्होल्टवर साधारण अडीच हजार अँपिअर प्रवाह लागतो. २५ हजार व्होल्टवर तेवढ्याच कामाला दीडशे अँपिअर पुरतात. प्रवाह मोठा म्हणजे तार जाड, तांबं जास्त आणि सबस्टेशनं थोड्या थोड्या अंतरावर. त्यात कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी हे ३७ फुटांत एक फूट चढणारे घाट! तिथं दोन जड गाड्या एकाच वेळी चढू लागल्या की तारेतला दाब घसरायचा.

तार बदलल्यामुळे काम गमावलेली पहिली इंजिनं मात्र मुंबईची नव्हती, हावड्याची होती. १९५७च्या सुमारास हावडा-बर्धमान भागात ३००० व्होल्ट डीसीची तार टाकली होती. त्यासाठी इंग्लिश इलेक्ट्रिक आणि हिताची या कंपन्यांकडून इंजिनं आली, आणि ती स्थिरावतात न स्थिरावतात तोच तो भाग एसीवर नेला गेला. नवीकोरी इंजिनं, काम शून्य. मग त्यांच्यात फेरफार करून ती १५०० व्होल्टवर चालतील अशी केली आणि मध्य रेल्वेकडे धाडली. डब्ल्यूसीएम-२ आणि डब्ल्यूसीएम-३ या नावांनी त्यांनी पुढं मुंबईकडच्या गाड्या ओढल्या. हावड्याच्या घाईचा फायदा आपल्याला झाला म्हणायचा.

पुढची अडचण सीमेवरची. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते विरार डीसी, त्यापुढे गुजरातकडे एसी. मध्य रेल्वेवर इगतपुरीपर्यंत डीसी आणि पलीकडे एसी. ज्यांनी त्या काळी भुसावळकडे प्रवास केला आहे त्यांना इगतपुरीचा लांबलेला थांबा आठवत असेल. लोक खाली उतरून चहा-वडे घेत, तेवढ्यात डीसीचं इंजिन सुटे आणि एसीचं जोडलं जाई. दोन्हीकडे इंजिनांचे वेगवेगळे ताफे, आणि प्रत्येक ताफ्यातली काही इंजिनं नुसती परतीच्या गाडीची वाट बघत उभी.

यावर तोड म्हणून दोन्ही तारांवर चालणारी इंजिनं आली. आधी पश्चिम रेल्वेसाठी चित्तरंजनच्या कारखान्यानं १९७५ ते १९७९ या काळात ५३ डब्ल्यूसीएएम-१ बांधली. विरारच्या पुढे तारेत एक मृत तुकडा ठेवलेला असे. तिथं चालकानं वीज तोडायची, गाडी आपल्या वेगानं तो तुकडा ओलांडायची आणि पलीकडे दुसऱ्या जातीची वीज घ्यायची. गाडी थांबायची नाही. या इंजिनांची डीसीखालची ताकद एसीपेक्षा कमीच होती, त्यावरून त्यांना नावंही ठेवली गेली. तरी सोय मोठी होती. मध्य रेल्वेला अशी इंजिनं मिळायला १९९७-९८ उजाडलं. भेलनं बांधलेल्या डब्ल्यूसीएएम-३ मुळे इगतपुरीला इंजिन बदलण्याची गरज संपत गेली.

आता एक गोष्ट मला आजही कोड्यात टाकते. १९९६ मध्ये चित्तरंजननं डब्ल्यूसीएम-६ नावाची निव्वळ डीसीची नवी इंजिनं बांधली, तीही दोनच. डीसीचा मुलूख आता आटणार हे दिसत असताना ही दोन इंजिनं कोणत्या भरवशावर बांधली असतील? शेजारी दुरंगी इंजिनांचा पर्याय उभा होता.

मुलूख आटला तो समुद्राच्या दिशेनं. लांबच्या टोकापासून एकेक तुकडा एसीवर जात राहिला आणि शेवटी शहर उरलं. पश्चिम रेल्वेनं हे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पुरं केलं. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग सीएसटीपर्यंत जून २०१५ मध्ये आणि हार्बर एप्रिल २०१६ मध्ये एसीवर आला. इतकी वर्षं का लागली? एक कारण जुन्या पुलांचं. २५ हजार व्होल्टच्या तारेला पुलापासून जास्त अंतर लागतं, आणि मुंबईचे कित्येक पूल वाफेच्या इंजिनांच्या काळातले. कुठं रूळ खाली घ्यावे लागले, कुठं वेग कमी ठेवावा लागला, आणि सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल तर जानेवारी २०१६ मध्ये मोठा ब्लॉक घेऊन पाडला.

दुसरं कारण लोकलच्या रेकचं. रोज लाखो माणसं नेणारी सेवा एक दिवसही बंद ठेवता येत नाही, म्हणून दोन्ही तारांवर चालणारे रेक पुरेसे हाती आल्याशिवाय तार बदलता येत नव्हती. सीमेन्सची यंत्रणा असलेल्या नव्या गाड्या अशाच दुरंगी होत्या. त्या मुख्य मार्गावर लागल्या आणि तिथले जुने डीसी रेक हार्बरवर सरकले. हार्बरच्या प्रवाशांनी ‘आमच्या वाट्याला जुनंच’ म्हणून कुरकुर केली ती खोटी नव्हती. पण त्या जुन्या रेकना काम देणारी दुसरी तारच कुठं उरली नव्हती. देशातली पहिली विजेची गाडी धावली तो हार्बर मार्ग, आणि मुंबईच्या लोकलमधला डीसीही सर्वांत शेवटी तिथंच राहिला.

डीसीच्या इंजिनांपैकी घाटात गाड्यांना मागून रेटा देणारे डब्ल्यूसीजी-२ बँकर शेवटपर्यंत उपयोगी पडले. तार बदलताच ते काम मालगाड्यांच्या एसी इंजिनांकडे गेलं आणि बँकर भंगाराच्या यादीत. दुरंगी डब्ल्यूसीएएम-३ मात्र तरली. तिची अर्धी हुशारी वाया गेली, पण एसीची गाडी म्हणून ती पुढेही चालत राहिली.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न उलटा झाला. लंडनच्या टेम्सलिंक मार्गावरच्या ‘क्लास ३१९’ गाड्या नव्या गाड्या आल्यानं मोकळ्या होणार होत्या. काही २०१५ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर नवी तार पडताच तिकडे गेल्या. बाकीच्यांसाठी तारा वेळेत पुढं सरकेनात, २०१७ मध्ये तर सरकारनं काही मार्गांचं विद्युतीकरणच रद्द केलं. तोवर त्यांतल्या काही गाड्यांच्या पोटाखाली डिझेल इंजिनं बसवायचं ठरलं होतं. विजेच्या गाडीला काम मिळावं म्हणून डिझेल पाजायचं! हा प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही, बिघाडांनी तो गाजला.

आपल्याकडे कोकण रेल्वेवर तार आधी आली. ७४१ किलोमीटरच्या मार्गाचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पुरं झालं, तरी त्या तारेखालून डिझेलच्या गाड्या पुढंही काही काळ धावतच होत्या. एकेक गाडी टप्प्याटप्प्यानं विजेवर आली. तिथून सुटलेल्या डिझेल इंजिनांना काम कुठं मिळतं, ते पुढच्या लेखांकात.