शिकारी पक्ष्याची सुटका : वेळ कशी ठरवावी

शिकारी पक्षी हातावर निमूट बसू लागला आणि हाक ऐकून येऊ लागला, म्हणजे तो माणसाळला. तो रानात परत सोडण्याजोगा झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. पक्षी कधी सोडायचा याचा निर्णय त्याचे शरीर, उड्डाण, शिकारीची क्षमता, माणसाविषयीची भीती, ऋतू आणि जागा या सहा गोष्टी पाहून घ्यावा लागतो. यातली एक जरी कच्ची राहिली, तर सुटका झालेला पक्षी काही दिवसांत उपासमारीने मरू शकतो, आणि ते कोणाला दिसतही नाही.

बाजदारांची जुनी रीत

बाज, बहिरी ससाणा, शिक्रा, तुरमती यांना शिकवून शिकार करण्याची कला भारतात फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाचा, म्हणजे शिकारी पक्ष्यांच्या खेळाचा, समावेश आहे. कुमाऊंच्या रुद्रदेवाचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा ग्रंथ तर याच विषयाला वाहिलेला आहे.

या कलेत पक्षी सोडण्यालाही जागा होती. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या काठी शरद ऋतूत छोटा ससाणा धरतात, लावे पकडण्यासाठी शिकवतात आणि हंगाम संपला की सोडून देतात. रानातल्या शिकारी पक्ष्यांची निम्म्याहून अधिक पिल्ले पहिले वर्षही पुरे करत नाहीत. त्यामुळे ते वर्ष माणसाच्या आश्रयाने काढलेला आणि रोज शिकार केलेला पक्षी सुटल्यावर तगण्याची शक्यता चांगली असते, असे जाणकार मानतात. युनेस्कोने २०१० मध्ये या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

भारतात मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानातला शिकारी पक्षी धरणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. बाजदारांची विद्या आज उपयोगी पडते ती उपचार केंद्रांत. जखमी किंवा घरट्यातून पडलेल्या पक्ष्याला वनखात्याच्या परवानगीने बरे करून परत पाठवताना हेच प्रश्न पुन्हा उभे राहतात.

शरीर आणि पिसे

पहिली तपासणी वजनाची. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवले की पक्ष्याची स्थिती कळते. हाड सुरीच्या धारेसारखे टोचत असेल तर पक्षी उपाशी आहे. दोन्ही बाजूंचे स्नायू भरलेले असतील तर तो ठीक आहे. बाजदार शिकारीसाठी पक्षी किंचित भुकेला ठेवतो, कारण भूक असली तरच तो हातावर परततो. सोडताना याच्या उलट करावे लागते. पक्षी पूर्ण वजनावर आणूनच सोडायचा, म्हणजे पहिले एक-दोन दिवस शिकार साधली नाही तरी तो निभावतो.

दुसरी तपासणी पिसांची. शिक्र्याच्या शेपटीत बारा पिसे असतात. पिंजऱ्याच्या जाळीवर आपटून ती मोडली, तर वेगात वळणे त्याला जमत नाही. अशा वेळी गळून पडलेले त्याच जातीचे, त्याच जागेचे पीस घेतात, मोडक्या पिसाच्या पोकळ दांड्यात बांबूची बारीक काडी बसवतात आणि नवे पीस तिच्यावर चिकटवतात. पुढच्या पीसझडीत ते आपोआप गळते आणि नवे उगवते. पिसांवर पाणी शिंपडल्यावर थेंब ओघळून गेले पाहिजेत; पिसे भिजून चिकटत असतील तर पक्षी पावसात टिकणार नाही. तळपायांना सूज किंवा खपली असेल तरीही थांबावे, कारण या पक्ष्यांची सारी शिकार पायांवर चालते.

उड्डाण, शिकार आणि भीती

हाड जुळले म्हणजे पंख तयार झाला असे नाही. बंदिवासात स्नायू झपाट्याने खालावतात. म्हणून पायात मऊ चामड्याचे पट्टे आणि त्यांना लांब दोरी बांधून मोकळ्या मैदानात रोज उडवतात, आणि अंतर हळूहळू वाढवतात. सलग अनेक उड्डाणांनंतर पक्षी चोच उघडी ठेवून बराच वेळ धापा टाकत राहिला, किंवा बसल्यावर एक पंख लोंबू लागला, तर सराव चालू ठेवायचा.

शिकारीच्या बाबतीत वयाने फरक पडतो. थोड्या दिवसांसाठी आलेला प्रौढ शिक्रा आपली कला विसरत नाही. पिल्लू असताना आलेल्या शिक्र्याला ती कधी आलेलीच नसते. रानात घरटे सोडल्यावरही पिल्ले काही आठवडे आईबापांवर अवलंबून असतात आणि त्या काळात सरडे, नाकतोडे, उंदीर धरायला शिकतात. हा काळ केंद्रात भरून काढल्याशिवाय पिल्लू सोडणे म्हणजे त्याला मरायला सोडणे आहे.

भीतीची परीक्षा सर्वांत अवघड. एकटे, माणसाच्या हातून भरवलेले पिल्लू माणसालाच आपला समजते. ते अन्नासाठी माणसाकडे पाहून ओरडते, अंगणात उतरते आणि गलोलीच्या किंवा कुत्र्याच्या तावडीत सापडते. यावर उपाय पहिल्या दिवसापासून करावा लागतो : पिल्लाला त्याच्या जातीच्या इतर पिल्लांसोबत ठेवावे आणि भरवणाऱ्याने तोंड दिसू देऊ नये.

नवापूर आणि रोगाची तपासणी

शरीराच्या तपासणीत रोगाची तपासणीही येते, आणि नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला त्या बाबतीत एक वेगळे महत्त्व आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक इथल्या कुक्कुटपालन केंद्रांत नोंदला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो पुन्हा आला आणि मोठ्या संख्येने कोंबड्या माराव्या लागल्या. रोगट पक्षी खाल्ल्याने शिकारी पक्ष्यांनाही हा रोग होतो. त्यामुळे या भागात केंद्रातल्या शिक्र्याला कोंबडीचे टाकाऊ मांस किंवा मेलेली पिल्ले देणे धोक्याचे आहे. कबुतराच्या ताज्या मांसातून घशाचा एक परजीवी रोग पसरतो, तोही टाळावा लागतो. सोडण्यापूर्वी पशुवैद्याने तोंड, विष्ठा आणि वजन तपासून पक्षी निरोगी असल्याची खात्री करावी. एक आजारी पक्षी सोडला तर आजार साऱ्या रानात पसरू शकतो.

ऋतू आणि जागा

पावसाळ्यात भिजलेल्या पक्ष्याला शिकार अवघड जाते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुबळा पक्षी तहानेने व उष्म्याने खचतो. केंद्रात वाढलेल्या तरुण पक्ष्याला ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ चांगला : आकाश मोकळे, आणि गवतात भक्ष्यही भरपूर. हिवाळी पाहुण्यांचे गणित निराळे आहे. भोवत्या, खरुची हे पक्षी उन्हाळ्यापूर्वी उत्तरेकडे निघतात. ती वेळ हुकली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यांना ठेवणे भाग पडते.

नवापूर गुजरातच्या सीमेवर आहे. रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग एका राज्यात, अर्धा दुसऱ्यात. उत्तरायणाच्या पतंगांचा जोर इथेही जाणवतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो संक्रांतीनंतरही झाडांवर लटकत राहतो. जानेवारीच्या मध्यावर वस्तीजवळ पक्षी सोडू नये.

प्रौढ पक्षी शक्यतो सापडला तिथेच सोडावा, कारण ते त्याचे हद्दीचे रान असते. तो सीमेपलीकडे सापडला असेल तर दोन्ही राज्यांच्या वनखात्यांशी बोलून घ्यावे. शिक्र्याला घनदाट सागवान लागत नाही. रंगावली नदीकाठची आंब्याची झाडे, शेताचे बांध आणि विरळ रान त्याला पुरते. वीजवाहिन्या आणि महामार्ग मात्र दूर हवेत.

सोडण्याची रीत

वाढवलेला पक्षी एका झटक्यात सोडत नाहीत. अमेरिकेत टॉम केड यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या ‘पेरेग्रिन फंड’ने बहिरी ससाण्याची पिल्ले कड्यांवर आणि मनोऱ्यांवर पेट्यांत ठेवली, माणूस दिसू न देता अन्न पोचवले, आणि ती शिकार करू लागेपर्यंत अन्न चालू ठेवले. ही मुळात बाजदारांचीच युक्ती. १९९९ मध्ये तो पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. महाराष्ट्रातही जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरहून ताडोबा आणि पेंच येथे आणलेली गिधाडे थेट न सोडता आधी मोठ्या पिंजऱ्यांत तिथल्या हवेला रुळू दिली.

सुटकेच्या दिवशी पायातले पट्टे, घुंगरू, दोरी सगळे काढावे. पट्टा फांदीत अडकला तर पक्षी उलटा लटकून मरतो. सलग दोन-तीन दिवस निरभ्र राहतील असे पाहून, पोट भरलेला पक्षी सकाळी पेटीतून आपणहून बाहेर येऊ द्यावा. हवेत उडवू नये. गर्दी, भाषणे, छायाचित्रे यांना तिथे जागा नाही. पुढे दोन आठवडे ठरावीक जागी अन्न ठेवून लक्ष ठेवावे. पक्षी माणसांकडे येऊ लागला तर त्याला परत आणावे.

एक पंख कायमचा निकामी झालेला किंवा माणसालाच आपला मानणारा पक्षी सोडू नये. त्याचे काय करायचे ते वनखाते आणि पशुवैद्य यांनी ठरवावे.

नवापूरच्या किंवा कुठल्याही गावात जखमी शिकारी पक्षी सापडला, तर तो घरी ठेवून शिकवण्याच्या फंदात पडू नये. अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची माहिती ४८ तासांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. पक्षी सोडण्याचा दिवस पक्ष्याच्या तयारीवरूनच ठरला पाहिजे, माणसाच्या सोयीवरून नव्हे.