प्राणवायु आणि रक्ताचा हिशेब

‘अंगांत रक्त कमी आहे’ हें वाक्य आपल्या घरोघरीं ऐकूं येतें, आणि त्याजवर खजूर, बीट किंवा लोहाच्या गोळ्या असा उपायहि लागलीच सुचविला जातो. परंतु रक्त कमी म्हणजे नेमकें काय कमी, आणि तें किती असावें हें शरीरांत ठरवितें कोण, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो केल्यास उपायांतील पुष्कळ चुका टळतील, म्हणून हा लेखप्रपंच.

रक्तास तांबडेपणा देणाऱ्या पेशी अस्थींतील मज्जेंत तयार होतात. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत रक्त दुसरें आणि मज्जा सहावी; म्हणजे तेथें मज्जा रक्ताच्या पुष्कळ मागून येते. सुश्रुतानें रक्ताची उत्पत्ति यकृत् आणि प्लीहा यांच्याकडे दिली आहे. गर्भावस्थेंत यकृत् रक्तपेशी घडवितें हें खरें. तथापि तेवढ्यावरून आजचे शोध पूर्वजांस ठाऊक होते असें म्हणणें अतिव्याप्ति होय. निरोगी प्रौढाची मज्जा दर सेकंदास सुमारें वीस लाख तांबड्या पेशी घडविते. एका पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. तेवढ्या अवधींत तिनें फुप्फुसांतून प्राणवायु उचलावा आणि सर्व अवयवांस पोंचवावा, हेंच तिचें मुख्य कार्य. पेशी थोड्या झाल्या तर अवयव उपाशी राहतात. फार झाल्या तर रक्त दाट होऊन हृदयास तें ढकलणें जड जातें. तेव्हां उत्पादन मोजकेंच हवें, आणि त्यासाठीं हिशेबनीस हवा.

या हिशेबाचें माप प्राणवायु हेंच आहे, ही गोष्ट उंच पर्वतांवर ध्यानांत आली. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण मुंबईस आणि लेहला सारखेंच, शेंकडा सुमारें २१. परंतु उंचीबरोबर हवेचा दाब उतरत असल्यानें, साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्यें प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायु मुंबईच्या सुमारें दोनतृतीयांशच असतो. १८९० सालीं व्हिओ हे फ्रेंच शास्त्रज्ञ पेरू देशांतील मोरोकोचा या सुमारें ४,५०० मीटर उंचीवरील खाणींच्या गांवीं गेले. तीन आठवड्यांच्या आंत त्यांच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरांतील तांबड्या पेशींची संख्या ५० लाखांवरून ७० लाखांपलीकडे गेली. अशा वाढीचा कांहीं अंश रक्तांतील पाणी घटल्यामुळें दिसणारा असतो. पण कांहीं आठवड्यांत नव्या पेशींची भर खरोखरीच पडते.

मज्जेस ही वार्ता पोंचविते कोण? १९०६ सालीं पॅरिस येथें कार्नो आणि त्यांच्या सहकारी डेफ्लांद्र यांनीं, रक्तांतूनच एखादें द्रव्य हा निरोप नेत असावें, असें अनुमान मांडलें. त्यास भक्कम आधार ॲलन अर्स्लेव्ह यांनीं १९५३ मध्यें दिला. पुष्कळ रक्त काढून घेतलेल्या सशांचा रक्तरस त्यांनीं निरोगी सशांस टोंचला, तेव्हां त्या सशांच्या रक्तांत नवजात पेशी वाढल्या. १९५७ मध्यें शिकागोच्या संशोधकांनीं हें द्रव्य मुख्यत्वें मूत्रपिंडांत निपजतें हें दाखविलें. १९७७ मध्यें तें शुद्ध स्वरूपांत मिळालें. त्याकरितां मज्जा निकामी झालेल्या जपानी रोग्यांचें २,५५० लिटर मूत्र लागलें, आणि हातीं आलें तें अवघे कांहीं मिलिग्रॅम! त्याचें नांव एरिथ्रोपोएटिन. मज्जेंतील ज्या कोवळ्या पेशी एरवीं अकालींच मेल्या असत्या, त्यांस तें जगवितें आणि वाढवितें.

मूत्रपिंडास प्राणवायूची उणीव कळते कशी, याचा उलगडा सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांनीं केला; त्याबद्दल त्यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पेशींत एक प्रथिन सतत तयार होत असतें. प्राणवायु पुरेसा असला म्हणजे त्याच्याच साह्यानें त्या प्रथिनावर एक खूण उमटते, आणि खूण दिसतांच तें नष्ट केलें जातें. प्राणवायु उणा पडला कीं खूण उमटत नाहीं; प्रथिन टिकतें आणि एरिथ्रोपोएटिन निर्माण करण्याची आज्ञा देतें.

या एका सूत्रानें घरांतील कित्येक गोष्टींचा अर्थ लागतो. गर्भास मातेच्या उदरांत प्राणवायु बेताचाच मिळतो, म्हणून जन्मतः बाळाचें हिमोग्लोबिन पुष्कळ असतें. जन्मानंतर तें स्वतः श्वास घेऊं लागतें, आज्ञा थांबते, आणि दोन-तीन महिन्यांचें होईतों हिमोग्लोबिन उतरतें. पूर्ण दिवसांच्या, सुदृढ बाळांत ही उतरण स्वाभाविक आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मात्र ती अधिक खोल जाते, आणि तेथें वैद्यकीय देखरेख अवश्य हवी.

केदारनाथ किंवा अमरनाथ यात्रेस निघणाऱ्यांनींहि हें ध्यानीं धरावें. उंचीवर एरिथ्रोपोएटिन कांहीं तासांतच वाढूं लागतें. परंतु पुरेशा नव्या पेशी येण्यास आठवडे लागतात. चार दिवसांच्या यात्रेकरूस त्यांचा उपयोग नाहीं; त्याचा भार जलद श्वासावर आणि हृदयावरच पडतो. म्हणून टप्प्याटप्प्यानें चढणें आणि डोकेदुखी, ओकारी किंवा धाप वाढल्यास वर न जाणें, हेंच शहाणपण.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. पेशी घडण्यास तीन गोष्टी लागतात : मूत्रपिंडाची आज्ञा, मज्जेचा कारखाना आणि लोह, फोलेट, बी-१२ ही सामग्री. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वयाच्या शेंकडा ५७ स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. लोह कमी असलेल्या स्त्रीच्या शरीरांत आज्ञा जोरानें सुटत असते. पण सामग्रीच नाहीं. तेथें लोह द्यावें, आणि तें कोठें खर्ची पडतें हेंहि शोधावें. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांत बी-१२ चीहि उणीव संभवते, कारण तें वनस्पतींत नसतें. दूध-दह्यांतून मिळतें तेवढेंच. याउलट जुनाट मूत्रपिंडविकार जडलेल्या वृद्धास नुसता खजूर चारून भागत नाहीं, कारण तेथें आज्ञाच मंदावलेली असते. अशा रोग्यांस एरिथ्रोपोएटिनचीं इंजेक्शनें १९८० नंतरच्या दशकांत उपलब्ध झालीं. परंतु तींहि वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं, कारण अतिरेकानें रक्ताच्या गुठळ्यांचें भय असतें.

घरांतील सून थकली, आजोबांस धाप लागली, तर दोघांस एकच बाटली आणून देणें ही माया खरी, पण तो उपचार नव्हे. प्रथम रक्त तपासून घ्यावें आणि उणीव कशाची आहे हें जाणावें. शरीर आपला हिशेब इतका चोख ठेवीत असतां, आपणच तो न वाचतां खर्च करावा, हें सुज्ञांस शोभत नाहीं.