वल्हांडण : यहुदी मूळ आणि ख्रिस्ती अर्थ

मराठी बायबलांतील 'वल्हांडण' हा शब्द नव्या वाचकाला अडवितो. परंतु तो परका नाहीं. 'वलांडणें' म्हणजे ओलांडून जाणें, ह्या आपल्याच जुन्या क्रियापदाचें तें नाम आहे. मिसर देशांत दास्यांत पिचणाऱ्या इस्राएल लोकांचीं घरें ओलांडून संहारक पुढें गेला, त्या रात्रीची आठवण म्हणजे हा सण. हिब्रू भाषेंत त्यास 'पेसाह' म्हणतात. आपल्या खानदेशांत जळगांव, भुसावळ, चाळीसगांवकडे तशाच धुळें, नंदुरबार, नवापूरकडे ख्रिस्ती मंडळ्या आहेत. गुड फ्रायडेच्या आठवड्यांत तेथें हा शब्द हटकून कानीं पडतो. मात्र ज्या यहुद्यांचा हा सण, त्यांच्या घरीं त्या रात्रीं काय चालतें, हें ऐकणारांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. आणि तें ठाऊक नसलें म्हणजे ख्रिस्ती अर्थही अर्धाच हातीं लागतो.

'निर्गम' ह्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांत सणाचा विधि दिला आहे. निसान महिन्याच्या दशमीस निर्दोष कोकरूं निवडावें, चतुर्दशीस तिन्हीसांजा तें कापावें, त्याचें रक्त दाराच्या बाह्यांना व कपाळपट्टीला लावावें. मांस भाजून कडू भाजीबरोबर आणि बेखमीर भाकरीबरोबर खावें. त्याचें हाड मोडूं नये. जेवावें तेंही कंबर बांधून, पायांत जोडे, हातांत काठी, असें प्रवासास निघाल्यासारखें.

बेखमीर भाकरीपाशीं थोडें थांबलें पाहिजे. आपल्याकडे ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी मुळींच आंबवीत नाहींत, तेव्हां न आंबविलेल्या भाकरीचें एवढें कौतुक कशाला, असा प्रश्न माझे विद्यार्थी मला विचारीत. प्रश्न रास्त आहे. यहुदी धर्मशास्त्रांत गहूं, सातू वगैरे पांच धान्यांचा विचार केला आहे. त्यांच्या पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आंत भाकर भाजून निघाली पाहिजे. पीठ त्याहून अधिक वेळ तसेंच राहिलें तर तें खमिराचें समजतात. आपल्या गृहिणी पोळ्यांची कणीक भिजवून अर्धा तास झांकून ठेवतात. ती ह्या सणाला चालावयाची नाहीं! मिसरांतून निघतांना पीठ फुगण्याइतकीही सवड मिळाली नाहीं, ती घाई ह्या भाकरींत जपून ठेवली आहे.

ही घाई महाराष्ट्रांतही जपली गेली. कोंकणांतील बेने इस्राएल समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईंतील त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं उभें राहिलें. हिब्रू पोथ्यांचा परिचय नव्हता त्या काळींही त्यांनीं हा सण मराठी नांवानें सांभाळला होता: 'अनशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट रसाचें भांडें झांकून ठेवण्याचा सण. शास्त्र विस्मरणांत गेलें, तरी त्या दिवसांत घरांत आंबलेलें नको एवढें स्वयंपाकघराला आठवत राहिलें. मला ह्याचें फार नवल वाटतें. द्राक्षारसाऐवजीं ते मनुकांचें सरबत करीत आले आहेत. पुढें १८४६ सालीं मुंबईंत आणि १८७४ सालीं पुण्यांत ह्या रात्रीं वाचावयाची पोथी, म्हणजे 'हग्गादा', मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या प्रतींत बेखमीर भाकरी करणाऱ्या लुगडें नेसलेल्या बायकांचें चित्र आहे.

आतां ख्रिस्ती अर्थ. येशू स्वतः यहुदी होता आणि ह्याच सणासाठीं तो यरुशलेमेस आला होता. मत्तय, मार्क व लूक ह्यांच्या मतें त्याचें शेवटचें भोजन हेंच वल्हांडणाचें भोजन. योहान मात्र त्याचा मृत्यु कोंकरें कापण्याच्या दिवशीं झाला असें दाखवितो. हा मेळ घालण्याचे पुष्कळ यत्न झाले आहेत. मला वाटतें, योहानाला तिथीपेक्षां कोंकरूं अधिक महत्त्वाचें होतें. म्हणूनच येशूचें हाड मोडलें नाहीं हेंही तो आवर्जून लिहितो. पौलानें तर ख्रिस्तालाच आपलें वल्हांडण म्हटलें आणि खमीर म्हणजे जुना दुष्टपणा असा अर्थ केला. दास्यांतून सुटका ही पापांतून सुटका झाली, आणि भाकर व प्याला हें प्रभुभोजन झालें. इ. स. ७० मध्यें यरुशलेमचें मंदिर पडल्यावर यहुद्यांचें कोंकरूं बंद झालें. आजची त्यांची भोजनविधि बरीचशी त्यानंतर आकारास आली. तेव्हां ती जशीच्या तशी येशूनें केली असें कोणीं समजूं नये.

ह्या नात्याचा विसर महागांत पडला. ११४४ सालीं इंग्लंडांत नॉरिच येथें मेलेल्या एका मुलाच्या खुनाचा आळ यहुद्यांवर आला; पुढें यहुदी वल्हांडणासाठीं ख्रिस्ती मुलांचें रक्त वापरतात अशीही कंडी पिकली. ज्यांच्या शास्त्रांत जनावराचें रक्तसुद्धां निषिद्ध, मांस मीठ लावून रक्त काढल्यावांचून शिजवावयाचें नाहीं, त्यांच्यावर हा आरोप! त्यापायीं शेंकडों माणसें मारलीं गेलीं. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांच्या माथीं मारतां येत नाहीं, असें रोमन कॅथॉलिक चर्चनें १९६५ सालीं जाहीर केलें.

तिथीपुरता मात्र दुरावा राहिला. निकाया येथील ३२५ सालच्या धर्मपरिषदेनें ईस्टरची तिथि यहुदी पंचांगावर अवलंबून ठेवली नाहीं. यहुदी पंचांग आपल्यासारखेंच चांद्रसौर आहे. १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतात. त्यामुळें त्यांची वल्हांडणाची पौर्णिमा बहुधा आपल्या फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या आसपास येते. २०२४ सालीं ईस्टर ३१ मार्चला होऊन गेलें. त्या वर्षीं यहुद्यांचा अधिक महिना होता, म्हणून वल्हांडणाची रात्र २२ एप्रिलला आली. दुसऱ्या दिवशीं आपल्याकडे हनुमान जयंती होती.