नव्या सर्च इंजिनला प्रश्न विचारणार कोण?

गूगलला टक्कर देणारे सर्च इंजिन का उभे राहत नाही? ‘तितके चांगले उत्तर दुसरे कोणी देत नाही’ हे नेहमीचे कारण मला अपुरे वाटते. माझ्या मते नवे इंजिन उत्तरात हरण्याआधीच हरते, कारण त्याला कोणी प्रश्नच विचारत नाही.

आपल्याकडे प्रयत्न झाले. राजेश जैन यांच्या मुंबईतील ‘इंडियावर्ल्ड’ने ‘खोज’ चालवले. १९९९ मध्ये हा सारा उद्योग सत्यम इन्फोवेने ४९९ कोटींना घेतला. २००६ मध्ये बंगळूरहून ‘गुरुजी’ आले, ते २०११ मध्ये थांबले. गूगलचाच जाहिरात विभाग सांभाळलेल्या श्रीधर रामस्वामी यांनी २०१९ मध्ये अमेरिकेत ‘नीवा’ काढले. २०२३ मध्ये ते बंद करताना त्यांनी सांगितले, की इंजिन बांधता येते. लोकांची सवय बदलणे हेच अवघड.

ही सवय आपोआप जडत नाही. नव्या फोनमध्ये जे इंजिन आधीच बसवलेले असते, तेच बहुतेक जण वापरतात. अमेरिकेतील खटल्यात उघड झाले, की ही जागा मिळवण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. शिवाय ज्या पायवाटेने जास्त माणसे जातात तीच रुळते. लोक कोणत्या उत्तरावर बोट ठेवतात, हे पाहूनच इंजिन शिकते. ज्याच्याकडे गर्दी, त्याचेच उत्तर सुधारते.

याचा तोटा आमच्या कारध्यासारख्या गावाला होतो. ‘कारधा’, ‘कारध्याला’, ‘कारध्याहून’ ही एकाच नावाची रूपे आहेत, हे इंजिनला शिकवावे लागते. इथून मराठीत विचारणारे थोडे, म्हणून त्याचे शिकणेही थोडे. ऑगस्ट २०२० सारखा वैनगंगेला पूर आला, तर नदीकाठच्या माणसाला आजची पाणीपातळी हवी असते, जुनी बातमी नव्हे. प्रतिस्पर्धी नसला, तर असे थोडक्यांचे प्रश्न नीट सोडवण्याची निकड कोणाला वाटणार?

कायद्याने दार थोडे किलकिले झाले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि फोन सुरू करतानाच इंजिन निवडण्याची मुभा द्यायला सांगितले. अमेरिकेत न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. पुढच्या वर्षी काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यावी, असा आदेश दिला. मात्र ती जागा पैसे देऊन घेण्यावर सरसकट बंदी घातली नाही.

म्हणून नवख्याने साऱ्या जगाचे इंजिन बांधू नये, असे मला वाटते. मराठीची रूपे ओळखणारे, नदी, बाजार, सरकारी निर्णय यांची ताजी माहिती देणारे छोटे इंजिन बांधता येईल. ते टिकेल की नाही, हे मात्र आपण त्याला किती प्रश्न विचारतो यावर ठरेल.