‘मशीनने कॅसेट खाल्ली’ म्हणजे नेमके काय?

1982 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच सुमारास व्हीसीआरही मराठी घरांत शिरला. कुणाचा आखातातून आलेला, कुणाचा एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला. पुढे तो माळ्यावर गेला. लग्नाच्या, मुंजीच्या, हौशी नाटकांच्या कॅसेट्स मात्र कपाटात राहिल्या. या विषयाचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. जे कळले ते मशीने उघडून आणि सर्व्हिस मॅन्युअल वाचून. येणारा प्रत्येक जण ‘मशीन दुरुस्त करा’ म्हणतो, पण त्याला हवी असते ती कॅसेट. हे ध्यानात घेतले की दुरुस्तीचा क्रमच बदलतो.

व्हीएचएस पद्धत जेव्हीसीने 1976 मध्ये जपानमध्ये बाजारात आणली. तिची फीत अर्धा इंच रुंद. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती सेकंदाला जेमतेम 23 मिलिमीटर सरकते. एवढ्या संथ फितीवर चित्र मावणार नाही, म्हणून 62 मिलिमीटर व्यासाचा ड्रम तिरका बसवून सेकंदाला 25 वेळा फिरवतात. त्यावरची दोन हेड्स फितीवर आळीपाळीने तिरक्या रेघा ओढतात. एकेका रेघेची रुंदी सुमारे 0.05 मिलिमीटर! ती रेघ कुठे सुरू होते हे सांगणाऱ्या खुणा फितीच्या खालच्या कडेला असतात. ती कड चुरगळली, की फीत शाबूत असूनही चित्र थरथरते.

आता ‘खाण्या’विषयी. फीत पुढे ढकलतो तो कॅपस्टन, म्हणजे एक गुळगुळीत धातूचा दांडा, आणि त्याला चिकटून फिरणारा रबरी रोलर. पलीकडे आलेली फीत गुंडाळून घेण्याचे काम दुसऱ्या रिळाचे. अनेक मशीनांत ते रीळ फिरवते आयडलर नावाचे छोटे चाक, आणि त्या चाकाला असते रबराची कडी. मशीन वर्षानुवर्षे पडून राहिले की हे रबर कडक, चकचकीत होते आणि घसरू लागते. कॅपस्टन फीत ढकलतच असतो. रीळ मात्र ती घेत नाही. फितीची वेटोळी मशीनच्या पोटात साठतात. रीळ थांबल्याचे कळून मशीन बंद पडते, आपण घाईने कॅसेट बाहेर काढतो आणि फीत तुटते. दोष कॅसेटला मिळतो. खरा अपराधी ती कडी, बोटाच्या अंगठीएवढी.

म्हणून माझा हट्ट असतो: मोलाची कॅसेट आधी घालायची नाही. टाकाऊ कॅसेट घालून चालवणे, थांबवणे, पुढे-मागे पळवणे, बाहेर काढणे, हे दहा-बारा वेळा करावे. दर वेळी कॅसेटचे झाकण उचलून फीत लोंबते आहे का ते पाहावे. झाकण काढलेल्या मशीनवर प्रखर दिवा मात्र रोखू नये. फितीचा शेवट ओळखणारे सेन्सर प्रकाशावरच चालतात, ते फसतात आणि चांगले मशीनही बिघडल्यासारखे वागते.

हेड साफ करण्याची घाई सर्वांनाच असते. वायर भिंतीतून काढावी, मऊ चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलका टेकवून स्थिर धरावा आणि दुसऱ्या हाताने ड्रमच फिरवावा. वर-खाली घासले तर हेडचे ठिसूळ टोक तुटते. कानात घालायची कापसाची काडी तर नकोच; तिचे तंतू हेडला अडकतात.

कोकणातल्या कॅसेट्सचे दुखणे वेगळे. खिडकीतून रिळावर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी एक कॅसेट लावली, की हेड माखते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळतो. ती वेगळी ठेवून सिलिका जेलच्या डब्यात कोरडी करावी. बुरशी नाकातोंडावर फडके बांधून, घराबाहेर झटकावी. कवच खराब असेल तर पाच स्क्रू काढून रिळे दुसऱ्या कवचात बसवता येतात.

पट्टे आणि रबरी कड्या अजून शोधल्या तर मिळतात, वाळलेले ग्रीस बदलता येते, फुगलेले कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत सापडतात. झिजलेले हेड मात्र घरी बनत नाही. व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई कंपनीनेही 2016 मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे त्याच मॉडेलचे दुसरे, बंद पडलेले मशीन भंगारात दिसले तर मी घेऊन ठेवतो. आणि घरची कॅसेट लावायची वेळ आली, की संगणकाची वायर आधी जोडतो, प्लेचे बटण नंतर दाबतो.