दोन प्राणांची परी

परी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती पांढऱ्या झग्यातली, हाती जादूची कांडी घेतलेली, रडणाऱ्या मुलाला खाऊ देणारी. पण अमेरिकेत जन्मलेल्या एका बैठ्या खेळातली परी मोठी तिखट आहे. तिच्या पाठीवर चतुराचे पंख असतात आणि हातात धनुष्यबाण!

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार. तो गोष्ट रचीत जातो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. बेत साधला की फसला, हे पुष्कळदा वीस बाजूंच्या फाशावर ठरते.

या खेळाच्या २०१४ सालच्या आवृत्तीत ‘स्प्राइट’ नावाची ही परी आहे. प्राण्यांच्या सहा आकारांपैकी सर्वांत लहान तिचा. प्रत्येकाची जीवनशक्ती अंकांत मोजतात. त्याच आवृत्तीतल्या जुन्याजाणत्या तांबड्या ड्रॅगनला ५४६ अंक, आणि आमच्या परीला अवघे दोन! तिचा बाण लागला तरी ड्रॅगनचा एकच अंक कमी होणार. त्यातून चार बाणांत एखादाच लागायचा. म्हणजे त्याला लोळवायला दोन हजारांवर बाण हवेत. आणि त्याने एक पंजा मारला की परी संपली.

मग असल्या चिमुरडीला खेळात घेतलीच कशाला? तर ती अदृश्य होऊ शकते आणि तिला समोरच्याचे मन कळते. तिने नुसता स्पर्श केला की तो रागावला आहे, भ्यायला आहे की दुःखी आहे, हे तिला उमगते. तो सज्जन की दुर्जन, हेही कळू शकते. पण स्वभाव झाकायला त्याला फासा टाकण्याची संधी मिळते. मनातली भावना झाकायला मात्र ती संधी कोणालाच नाही, त्या ड्रॅगनलादेखील नाही!

खरी कसोटी लागते ती इथेच. दारातला राक्षस दात विचकून उभा आहे. तलवार उपसावी, की आधी परीला पाठवावे? स्पर्श करायचा तर अगदी जवळ गेले पाहिजे, आणि प्राण तर दोनच. ती परत आली नाही, तर सोबतीण गमावली. परत येऊन ‘तो भ्यालाय, बिचारा!’ म्हणाली, तर कदाचित लढाई टळेल आणि दोन्हीकडचे जीव वाचतील.

सुट्टीत घरातली मुले असला खेळ मांडून बसली आणि परीला पाठवायचे की नाही यावर त्यांचा वाद रंगला, तर जेवायला हाक मारण्यापूर्वी घटकाभर ऐकत उभे राहावे. रागावलेल्या माणसाच्या पोटात कधी भीतीही असते, हे तिथे फाशांच्या खडखडाटात चाललेले असते.